आस्गरच्या पिल्लांच्या पोटातली किल्ली

१

आस्गरच्या डुकरांच्या पोटात चोर सापडल्याची बातमी बेटावर आली, त्या सकाळी फ्योर्डवर धुकं इतकं दाट होतं की एक कुरव पंख मिटून त्याच्यावरून चालत आला आणि माझ्या फेरीबोटीच्या कठड्यावर बसला. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने त्या कुरवालाच विचारावं. तो अजून येतो. फक्त हेरिंग माशाचं डोकं दिल्याशिवाय साक्ष देत नाही.

बातमी आणली एस्बेनने. औषधाशिवाय वाढवलेली डुकरं विकत घेणारा जो संघ आहे, त्याचा हा माणूस. सभ्य आहे. वाईट बातमी असली की टोपी काढून हातात धरतो. त्या सकाळी त्याने टोपी पिळून पिळून तिचं फडकं केलं होतं.

"थ्योगर, आज मला लवकर पोचवू नकोस," तो म्हणाला.

"या धुक्यात तू हात जोडलेस तरी जमायचं नाही. काय झालंय?"

"आस्गरच्या डुकरांची विष्ठा तपासली. त्यात जंतू निघाले. साधेच, पोटात राहणारे. पण इस्पितळात सगळी औषधं हरली की शेवटी जे देतात ना, ते या जंतूंवर ओतलं तरी ते ढिम्म. मजेत वाढतायत."

"मग?"

"मग काय! असे जंतू आपोआप होत नाहीत. डुकरांना सारखं औषध चारलं की त्यातून जे तगतात ते असे निबर होतात. कुणीतरी गुपचूप औषध देतंय, थ्योगर. आणि फाटकावर आमची निळी पाटी: औषधाविना!"

मी इंजिन बंदच केलं. बोट धुक्यात तरंगत राहिली.

आता आस्गर कोण, ते सांगायला हवं. गळाला लागलेल्या माशाच्या स्पर्धेत याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, तर हा उठून म्हणाला, "मोजताना मी शेपूट जरा ओढून धरली होती." बक्षीस परत. असल्या माणसाबरोबर मासेमारीला जाण्यात काही अर्थ नाही, पण त्याच्या शब्दावर अख्खं बेट डोळे मिटून झोपतं. त्याच्याकडची डुकरं जुन्या जातीची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. असा कळप आता देशात फारसा उरलेला नाही. आणि या उन्हाळ्यात, होळ्या पेटतात त्या सांक्ट हान्सच्या दिवशी, तो वाडी मुलीच्या, मार्नाच्या हाती देणार होता.

"पाटी उतरवणार?" मी विचारलं.

"शनिवारी. आणि कळप," एस्बेन टोपीकडे बघत म्हणाला, "सगळा कापायचा. माणसांत पसरायला नको म्हणून. मधल्या काळात कुणी दुसरं कारण दाखवलं तर गोष्ट वेगळी."

दुसरं कारण शोधू शकेल असा बेटावर एकच जीव होता, आणि तो त्या वेळी बहुधा खुर्चीत झोपलेला असणार.

२

रागन्हिल्ड आयुष्यभर जनावरांची डॉक्टर होती. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात, आणि तिचा डावा कान तिच्या सोयीने बहिरा होतो. समोरचा बोलायला लागला की ती डोळे मिटते. लोकांना वाटतं म्हातारी डुलकी काढतेय, मग ते जास्तच बोलतात.

"आस्गर खोटं बोलतो का?" मी तिला सगळं सांगितल्यावर तिने विचारलं.

"तो? त्याला जमतच नाही."

"मग चल. गाडी तू चालव, मी झोपते."

आम्ही पोचलो तेव्हा धुकं कुरणावर गुडघाभर, नव्हे, गळ्यापर्यंत आलेलं. पांढऱ्या धुक्यात पांढरी डुकरं दिसेनात, नुसते काळे ठिपके हवेत तरंगत होते. दोन ठिपके उजवीकडे गेले, पाच डावीकडे, एक ठिपका शिंकला. मी तिथे उभ्या उभ्या स्वप्नात शिरलोच होतो, तेवढ्यात एका पिल्लाने माझ्या पाटलोणीला पाठ घासली आणि जाताना आठवणही ठेवून गेलं. डांबरासारखा काळाकुट्ट डाग.

"हे काय रे खातात? लिकोरिसच्या काळ्या गोळ्या?" मी ओरडलो.

रागन्हिल्ड मात्र त्या डागाकडे बघत राहिली. मला वाटलं, माझ्या पाटलोणीचं दुःख तिलाही झालंय.

आस्गर समोर आला. उंच, वाकलेला, दाढीत धुक्याचे थेंब. "मी काहीही दिलेलं नाही," एवढंच म्हणाला. पण म्हणताना त्याने नजर फिरवली. आस्गरने! मला कुरव चालत येण्यापेक्षा याचं जास्त नवल वाटलं.

"जंतू कुणाकुणात सापडले?" तिने विचारलं.

"माद्या स्वच्छ. नरही स्वच्छ. फक्त नुकती दूध तोडलेली पिल्लं. त्यातली जवळजवळ सगळीच."

"जुलाब?"

"एकालाही नाही." हे सांगताना त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दूध तोडलं की पिल्लांना जुलाब व्हायचेच. औषधवाल्यांचा निम्मा धंदा त्यावर चालतो. आणि ही पिल्लं तर आरशासारखी तुकतुकीत.

मार्ना मागच्या धुणीघरात होती. शहरातली नोकरी सोडून आलेली, बाह्या वर, केस वाफेने चिकटलेले. विटांच्या चुलीत बसवलेल्या पणजीच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात लाकडी वल्ह्याने पेज ढवळत होती: जवाचं पीठ आणि चीज काढल्यावर उरणारी आंबट निवळी. चव घ्यावीशी वाटेल असा वास. वाफ, मंद आच, खिडकीत धुकं. मला तिथेच घोंगडी पसरून आडवं व्हावंसं वाटलं.

"दूध तोडलेल्या पिल्लांसाठी," मार्ना म्हणाली. "पणजी असंच करायची म्हणे. संध्याकाळी शिजवायचं, रात्रभर निखाऱ्यावर राहू द्यायचं, मुरतं, आणखी आंबतं. सकाळी कोमट कोमट घालायचं. मोठ्यांना नाही हे लाड. त्यांना कुरण आहे."

रागन्हिल्डने हंड्याच्या काठावरून आत डोकावलं. "काय गं चकचकीत ठेवलंयस! रोज घासतेस?"

"छे, वेळ कुठाय? आपोआप राहतं. जुन्या वस्तूंची गोष्टच वेगळी."

मग मार्नाने दाराकडे पाहिलं, बाप लांब आहे याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"रागन्हिल्ड, तू नाहीतरी शोधूनच काढशील. बाबानेच दिलंय औषध."

३

"पाहिलंस देताना?" रागन्हिल्ड डोळे मिटून म्हणाली.

"नाही. पण मागच्या शरदात पिल्लं पटापट मेली. बाबा शेडमध्ये बसून रडला, मला दिसू नये म्हणून पाठ करून. आणि वसंतापासून एकालाही जुलाब नाही. असं औषधाशिवाय होतं का? तूच सांग. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. नजर चुकवतो. माझ्यासाठी केलं असेल त्याने, वाडी चालू हातात द्यावी म्हणून. पण मला असली वाडी नकोय. त्याने खरं सांगितलं तर मी राहीन. नाही सांगितलं तर शनिवारी थ्योगरच्या बोटीने परत."

"माझ्या बोटीत बसायला बंदी करीन तुला," मी म्हटलं. ती हसली नाही.

शेजारच्या विलाद्सकडे गेलो तेव्हा तो ट्रॅक्टरवर बसून सफरचंद खात होता. त्याच्याकडे आस्गरच्या दसपट डुकरं, सगळी बंद शेडमध्ये, आणि दसपट मोठं तोंड.

"हो, मीच कळवलं संघाला," तो म्हणाला. "का नको? मी उघडपणे औषध देतो, उघडपणे शिव्या खातो. आणि तो संत! त्याची पिल्लं बघितलीस? तूप लावल्यासारखी. माझ्याकडे एवढी औषधं घालून अशी होत नाहीत."

"म्हणून जळतोस."

"जळतोच की! शेजारी कशाला असतात?"

"रात्री कुंपण ओलांडून तूच काही टाकलं नाहीस ना, त्याला बुडवायला?"

विलाद्सने सफरचंदाचा उरलेला गाभा फेकला. "म्हातारे, त्याला बुडवायचं असतं तर मी पिल्लं आजारी पाडली असती. अशी गोंडस कशाला केली असती?"

परतताना रागन्हिल्ड म्हणाली, "तोंड घाण, पण तर्क स्वच्छ आहे गड्याचा."

उरला होता लाउगे, बेटावरचा सध्याचा डॉक्टर. डुकरांचं औषध त्याच्या हातातूनच जातं. तो आम्हाला माझ्या बोटीवर सापडला, पलीकडे वासराला टाके घालायला निघाला होता.

"मी? आस्गरला?" तो लाल झाला. "रागन्हिल्ड, तू तरी विचारू नकोस. हे जंतू ज्या औषधाला दाद देत नाहीत, ते डुकरांसाठी मिळतच नाही. मला हवं असतं तरी मिळालं नसतं. त्याची चुलत भावंड असलेली एक भुकटी पूर्वी पिठात मिसळायचे, डुकरं लवकर वाढावीत म्हणून. ती मार्ना पाळण्यात होती तेव्हाच बंद झाली. तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये."

"माहितीये. आस्गरचा बाप मिसळायचा. तेव्हा कोण नव्हतं मिसळत?"

म्हणजे झालं असं: पिल्लांच्या पोटातले जंतू ज्या औषधाला दाद देत नव्हते, ते औषध बेटावर कुणाकडेच नव्हतं. चोर होता, घर फोडलेलं होतं आणि पहार मात्र कुणाच्याच हाती नव्हती.

लाउगेला पलीकडे सोडून आम्ही परत धक्क्यावर उतरतो तर समोर आस्गर उभा. रविवारचा कोट घातलेला. दाढी विंचरलेली.

"एस्बेनला बोलव, थ्योगर," तो म्हणाला. "मीच दिलं औषध. मला कबूल करायचंय."

४

रागन्हिल्डने एस्बेनला बोलवू दिलं नाही. तिने आस्गरला माझ्या घरी आणला, कॉफी ओतली, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग ठेवलं आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. आस्गर कोटासकट ताठ बसला, फोटो काढायला आल्यासारखा.

"बोल. कसं दिलंस?"

"सुईने."

"कुठे टोचलंस?"

"कानामागे."

"एकेका पिल्लाला?"

"एकेकाला."

"त्यांचा आरडाओरडा मार्नाला ऐकू आला नाही?"

आस्गरने घाम पुसला. "हळू टोचलं."

मी कॉफीत तोंड लपवलं. डुकराच्या पिल्लाला हळू टोचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पिल्लू नुसतं उचललं तरी पलीकडच्या किनाऱ्यावरचे कुत्रे भुंकतात.

रागन्हिल्डने एक डोळा उघडला. "आस्गर, त्या औषधाची डुकरांसाठी सुई कधी निघालीच नाही. तू फार वाईट खोटं बोलतोस रे. माशाची शेपूट ओढल्याचं कबूल करणारा माणूस! कुणासाठी बोलतोयस?"

घड्याळ टिकटिकत होतं, बाहेर धुकं खिडकीला नाक लावून बघत होतं. शेवटी तो हातातल्या कपाला म्हणाला, "ती मागच्या शरदात म्हणाली होती, 'बाबा, मी बघते काय करायचं ते.' आणि वसंतात पिल्लं अशी झाली. शहरात ओळखी असतात माणसाच्या. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिने हो म्हटलं असतं तर?" मग म्हणाला, "लहान आहे. तिचं नाव खराब व्हायला नको. माझं काय, मी संपत आलो."

"मग तिला विचारायचं सोडून तू इथे आलास."

"हो."

"आणि ती तुझ्याबद्दल..." मी तोंड उघडलं, तर टेबलाखालून रागन्हिल्डचा बूट माझ्या नडगीवर आला. त्या बाईचे गुडघे दुखतात म्हणतात, मला काही खरं वाटत नाही.

आस्गर गेल्यावर ती म्हणाली, "दोघंही एकमेकांवर संशय घेतायत. दोघंही घाबरलेत. म्हणजे दोघांनीही दिलेलं नाही."

"मग जंतूंना कुणी शिकवलं? देवाने?"

"शिकवायची गरज नाही. ऐक. जंतूच्या पोटात एक छोटी गोल कडी असते. माणसाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो ना, तशी. एक किल्ली एका संकटातून सुटायची, दुसरी दुसऱ्या. गंमत अशी की तो ती कडी शेजाऱ्याला देऊ शकतो. नुसता अंगाला अंग लावून. स्वतःची ठेवतो आणि तिची नक्कल देतो. शेजारी त्याच्या जातीचा नसला तरी चालतं."

मी खुर्चीतच डुलायला लागलो. मला दिसलं, माझी बोट आहे आणि तीत अगणित इवलीशी माणसं, टोप्या घातलेली, एकमेकांच्या हातात किल्ल्या सरकवतायत. कुणी कुणाला ओळखत नाही, तरी देतायत. बोट जड होत चाललीये. कुणी एक म्हणतो, "हे ओझं कशाला वागवायचं?" आणि किल्ली पाण्यात टाकायला निघतो. तर दुसरा त्याचा हात धरतो, "थांब, थांब, एक दार बंद आहे."

दचकून जागा झालो. "रागन्हिल्ड! बोट जड होते की. वापर नसेल तर टाकून का नाही देत?"

तिने माझ्याकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"शाबास. तेच तर! भुकटी बंद होऊन वर्षं लोटली. तिची किल्ली, जी इस्पितळातल्या तिच्या चुलत भावंडालाही चालते, ती आता कुणाला लागत नाही. तरी हजारातल्या एखाद्या जंतूने ती जपली असणार, तीही इतकी थोडी की तपासणीत दिसू नये. आणि आता एकदम प्रत्येक पिल्लात! म्हणजे त्याच कडीतली दुसरी किल्ली कुणीतरी रोज वापरायला लावतंय. कुठलं दार आहे ते, थ्योगर? फक्त दूध तोडलेल्या पिल्लांच्याच वाटेत येणारं?"

"मला काय विचारतेस?"

"तुला नाही, तुझ्या पाटलोणीला विचारतेय. धुतलीस का?"

"नाही अजून."

"मग उद्या तीच घालून ये."

५

दुसऱ्या दिवशी धुणीघरात सगळे जमले. आस्गर दाराशी, मार्ना चुलीशी, दोघांमध्ये वाफ. एस्बेन टोपी घेऊन. लाउगे. विलाद्सला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तो सर्वांत आधी आला.

रागन्हिल्डने खिशातून एक खिळा काढला. घोड्याच्या नालेचा साधा लोखंडी खिळा, वाळूने घासून पांढराशुभ्र केलेला. रात्रभर मुरलेल्या निवळीतून तिने वाटीभर वरचं पाणी काढलं, खिळा त्यात टाकला आणि म्हणाली, "आता कॉफी."

"कॉफी?" एस्बेन म्हणाला. "मी निर्णय घ्यायला आलोय."

"निर्णय वाटीत मुरतोय. तू केक खा."

केक झाला. कॉफी झाली. विलाद्सने शेवटचा तुकडा कुणाचं लक्ष नाहीसं बघून उचलला. मग रागन्हिल्डने चिमट्याने खिळा बाहेर काढला आणि खिडकीपाशी धरला.

खिळा लाल झाला होता. गंजाचा लाल नव्हे. नव्या तांब्याच्या नाण्यासारखा, उजळ.

"जादू!" मी म्हटलं. मला आयुष्यभर असलं काही करून दाखवायचं होतं.

"जादू नाही. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसलं. मार्ना, तुझ्या पणजीच्या हंड्याला आतून कल्हई होती. पणजी ती दरवर्षी करून घ्यायची, आणि शिजलं की लगेच उपसायची. आंबट वस्तू रात्रभर आत ठेवायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. आता कल्हई पार उडालीये. आंबट निवळी रात्रभर नुसतं तांबं चाटत बसते. म्हणून हंडा न घासता चकचकतो. पेज कळकते, पण डुकरं चवीची तक्रार करत नाहीत."

मार्नाने वल्हं हळूच खाली ठेवलं.

"आणि तांबं पोटात गेलं की," रागन्हिल्ड माझ्याकडे वळली, "थ्योगर, पुढे हो. पाय दाखव."

मी पाय पुढे केला. इतक्या माणसांनी माझ्या पाटलोणीकडे एवढ्या आदराने कधी पाहिलं नव्हतं.

"विष्ठा काळी होते. जुलाब थांबतात, पिल्लं तुकतुकीत होतात, कारण तांब्याने पोटातले खूपसे जंतू मरतात. मरत नाहीत ते कोण? ज्यांच्याकडे तांब्यातून सुटायची किल्ली आहे ते. ती किल्ली ज्या कडीत अडकवलीये, त्याच कडीत त्या जुन्या भुकटीची किल्ली आहे. एक वापरायची म्हणून दुसरीही जपली जाते. मग शेजाऱ्याला नक्कल, त्याच्या शेजाऱ्याला नक्कल. पेज सुरू झाल्यापासून काही महिन्यांत सगळ्या पोटांत तीच कडी. मोठ्या डुकरांना पेज मिळत नाही, म्हणून ती स्वच्छ." ती खुर्चीत बसली. "कुणीही औषध दिलेलं नाही, एस्बेन. एका मुलीने जुन्या भांड्यावर प्रेम केलं, एवढंच झालंय."

लाउगेने कपाळावर हात मारला. विलाद्सने घसा खाकरला. "थांब जरा. माझ्या पिल्लांच्या पिठातही तांबं असतं की. मापातच, पण असतं."

"असतं ना," रागन्हिल्ड गोड आवाजात म्हणाली. "एस्बेन इथे आलाच आहे, तर तुझ्याकडचीही तपासून टाकू या का?"

विलाद्सला अचानक ट्रॅक्टर चालू ठेवून आल्याचं आठवलं. तो गेला. बाहेर कुठलाही ट्रॅक्टर चालू नव्हता.

६

वाफ विरत चालली होती आणि तिच्या पलीकडे बाप आणि मुलगी एकमेकांना हळूहळू दिसू लागली, पाण्यातून वर येणाऱ्या दगडांसारखी.

"म्हणजे मी केलं," मार्ना म्हणाली.

"तू पेज केलीस," आस्गर म्हणाला.

"पण तुझी नजर... तू वसंतापासून माझ्याकडे बघतच नाहीस. मला वाटलं तू लपवतोयस. मला वाटलं तूच दिलंस."

"मी?" आस्गरला खरोखर धक्का बसला. "मी देईन?"

"मग तुला काय वाटलं होतं?"

आस्गरने दाढी चोळली. रागन्हिल्डकडे बघितलं, तर तिने डोळे मिटलेले. माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. शेवटी लाउगे, ज्याला मी आदल्या रात्री सगळं सांगून बसलो होतो आणि जो कुणाचंही गुपित पोटात ठेवू शकत नाही, बोलून गेला: "अगं, तो काल धक्क्यावर मीच दिलं म्हणून कबूल करायला आला होता! कोट घालून! सुईने दिलं म्हणे, कानामागे. हळू!"

मार्ना बघतच राहिली. बापाच्या कोटाकडे नाही, तो आज कोटात नव्हताच, त्याच्या हातांकडे. मोठे, भेगाळलेले, नेहमी काहीतरी धरलेले हात, आज रिकामे.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"तू लहान आहेस," आस्गर पुटपुटला.

"बाबा, मी तिशीला आलेय."

"तेच म्हणतोय."

तिने ओला हात त्याच्या बाहीला पुसला, लहानपणी पुसत असेल तसा, आणि हात तिथेच राहू दिला.

एस्बेनने टोपी डोक्यावर घातली. त्यावरूनच मी ओळखलं. "औषध दिलेलं नाही, म्हणजे पाटी राहील," तो म्हणाला. "कळपही राहील. पण ही पिल्लं विकता येणार नाहीत. जंतू तर आहेतच ना तिथे. ते कधी जातील, रागन्हिल्ड?"

"तांबं थांबलं की ती कडी नुसतं ओझं होईल. बरेचसे टाकून देतील. सगळे नाही. एखादा जपून ठेवेलच, त्याला आपण कोण विचारणार? म्हणून कायम लक्ष ठेवायचं. हात धुवायचे, बूट इथेच काढायचे, आणि पुढच्या पिल्लांना पेज करायची ती लोखंडी पातेल्यात."

"मग मला वर्षभर येऊन विचारपूस करावी लागेल," एस्बेनने खिशातून पेन काढलं. "काय घातलं, काय नाही घातलं. आणि मला खरं उत्तर लागेल, कितीही वाईट असलं तरी. संघाला एक नाव कळवायचंय. वाडीवर कुणाला विचारू?"

आस्गरने तोंड उघडलं. त्याच्या नावाला बेटावर किंमत आहे, हे त्यालाही माहीत, एस्बेनलाही. पण मार्ना आधी बोलली.

"मला विचार," ती म्हणाली. "बाबाला नको. तो माझ्यासाठी खोटं बोलतो."